शेठची शुगर

मांजराला डायबेटिस होतो. हे वाचून ज्यांना हसू आलं असेल त्यांनी हसून घ्यावं आणि दुसरं काहीतरी वाचायला घ्यावं. ते हसू मी वर्षभर ऐकलंय. मेडिकलच्या काउंटरवर ऐकलंय, कंपनीच्या कँटीनमध्ये ऐकलंय, नणंदेकडच्या सत्यनारायणाला तर प्रसादाचा द्रोण हातात धरून ऐकलंय. "बोका इन्सुलिन घेतो? बरंच चाललंय की तुमचं." पूर्वी मी अशा लोकांना समजावत बसायचे. आता नुसतं "हो" म्हणते आणि समोरच्याचं हसू संपेपर्यंत त्याच्याकडे बघत राहते. बऱ्यापैकी लवकर संपतं.

हे लिहितेय ते ज्यांच्या घरी असं मांजर आहे त्यांच्यासाठी. तुम्ही एकटे नाही वगैरे मी म्हणणार नाही, कारण बहुतेक वेळा तुम्ही एकटेच असता. पण पुढे काय वाढून ठेवलंय ते आधी कळलेलं बरं. मला कोणी सांगितलं नव्हतं आणि त्याचा राग अजून गेलेला नाही.

आम्ही कोण

आम्ही चऱ्होलीचे. म्हणजे सासर चऱ्होलीचं, जुनं, शेतीवालं. ज्या रानात माझ्या सासऱ्यांनी, अण्णांनी, कांदा काढला तिथे आता बारा मजली सोसायट्या आहेत. नवरा विलास प्लॉटच्या खरेदी-विक्रीची कामं करतो. मी चाकणला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. शिफ्ट दर आठवड्याला फिरते. सासूबाई जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगी शिकायला बाहेरगावी. घरात आम्ही तिघं आणि शेठ.

शेठ हा आमचा पिवळा बोका. नाव अण्णांनीच ठेवलं. दिवसभर अण्णांच्या खाटेवर पोट वर करून पडलेला असायचा, पेढीवर बसल्यासारखा. अण्णा त्याला दूध-भाकरी चारायचे आणि त्याच्या पोटावर थाप मारून म्हणायचे, "आपल्या घरात खाऊन-पिऊन सुखी ह्यो एकटाच."

सगळ्यांना सगळं माहीत असतं

उन्हाळ्यात तो पाणी प्यायला लागला. भांड्यातलं संपलं की मोरीतल्या बादलीत तोंड घालून प्यायचा. मातीचा ट्रे दिवसातून तीनदा ओला व्हायचा. खायचा राक्षसासारखा आणि पाठीचा कणा मात्र हाताला लागायला लागला. मी विलासला म्हटलं, याला काहीतरी झालंय. विलास म्हणाला, "ऊन किती आहे बघ की. मीपण पाणी पितोच." अण्णा म्हणाले, "म्हातारा झालाय त्यो." शेजारच्या काकू म्हणाल्या, कोणाची तरी नजर लागली असेल.

मग त्याचे मागचे पाय बदलले. मांजर बोटांवर चालतं, हे आपल्या लक्षातही येत नाही. शेठ टाचा टेकवून चालायला लागला, सशासारखा. ओट्यावर उडी मारायला गेला आणि मधूनच खाली आला. पडला त्यापेक्षा तो वर बघत बसला, ते मला जास्त लागलं.

जवळच्या जनावरांच्या डॉक्टरकडे नेलं. गाई-म्हशी आणि सोसायट्यांमधली कुत्री, एवढ्यावर त्यांचा दवाखाना चालतो. त्यांनी शेठला हात लावला नाही. पिशवीत डोकावून पाहिलं, जंताचं औषध लिहिलं आणि म्हणाले, मांजरं काय, असंच असतं त्यांचं. मी ते औषध आठवडाभर पाजलं. तो आठवडा त्याच्या आयुष्यातून फुकट गेला, आणि त्या डॉक्टरांचा बोर्ड दिसला की आजही माझ्या कपाळाची शीर उडते.

निदानाचा दिवस

शेवटी भोसरीत एक डॉक्टर सापडल्या. वयाने लहान, बोलायला तुटक. त्यांनी शेठला टेबलावर घेतलं, मागच्या पायांकडे एकदा बघितलं आणि मी काही सांगायच्या आत विचारलं, "पाणी खूप पितो?" मला तिथेच रडू आलं. एवढ्या दिवसांत कोणीतरी पहिल्यांदा बरोबर प्रश्न विचारला होता.

रक्त काढलं. शुगर साडेचारशेच्या वर. दवाखान्यात घाबरूनही मांजरांची शुगर वाढते, म्हणून त्यांनी लघवीही तपासली, पुन्हा दुसरी एक तपासणी केली. शंका राहिली नाही. दिवसातून दोन वेळा इन्सुलिन, बारा तासांच्या अंतराने, रोज, बहुधा आयुष्यभर. मी नुसती मान हलवत होते.

"घरात कोणाला इंजेक्शन द्यायची सवय आहे?"

"सासरे स्वतःचं इन्सुलिन घेतात."

"मग तर सोपं आहे," डॉक्टर म्हणाल्या.

त्यांची चूक नव्हती. त्यांनी अण्णांना पाहिलेलं नव्हतं.

अण्णांची शुगर आमच्या घरातली सगळ्यात जुनी पाहुणी. त्यांच्याकडे इन्सुलिनचं पेन आहे, आणि ते पेन ते स्वतःच्या मनाने चालवतात. लग्नाला जायचं असलं की निघताना जास्तीचं टोचून घेतात आणि मांडवात दोन ताटल्या जिलेबी खातात. मी बोलले की म्हणायचे, "जिलेबीचं बी घेतलंय की आधीच." डॉक्टरने सांगितलेला आकडा म्हणजे त्यांच्या लेखी बाजारातला भाव, थोडा खाली-वर चालायचाच. त्या माणसाच्या भरवशावर माझा बोका जगणार होता.

कान, सुई, थेंब

ज्यांना गरज आहे त्यांच्यासाठी हे नीट लिहिते.

शुगर कानाच्या कडेला टोचून बघतात. माणसाचंच मशीन चालतं, फक्त आकडा मांजराच्या खऱ्या शुगरपेक्षा जरा कमी येतो. त्यामुळे सुरुवातीलाच तुमच्या डॉक्टरांशी तो आकडा पडताळून घ्या. कान गार असला तर थेंब येत नाही. तव्यावर कापडाची घडी गरम करायची, आधी आपल्या गालाला लावून बघायची, मग कानाला. टोचल्यावर थेंब यायला क्षणभर लागतो आणि त्या क्षणात मांजर डोकं झटकतं. आमच्या स्वयंपाकघराच्या टाइलवर पहिले काही दिवस शेठच्या रक्ताचे ठिपके असायचे आणि माझ्या हातांवर त्याच्या नखांचे. पट्ट्या वाया जायच्या. मी रडायचे, त्याला शिव्या द्यायचे, पुन्हा घडी गरम करायचे.

आधी खाऊ घालायचं, मग इन्सुलिन. खाल्लं नाही तर आपल्या मनाने टोचायचं नाही, डॉक्टरला फोन करायचा. मानेमागची सैल कातडी चिमटीत धरली की इंजेक्शन त्याला कळतही नाही. कान टोचलेला मात्र कळतो आणि तो लक्षात ठेवतो.

आणि सिरिंज. ही गोष्ट भिंतीवर लिहून ठेवा. इन्सुलिन दोन ताकदींचं मिळतं आणि प्रत्येकाची सिरिंज वेगळी. एकीचं टोपण लाल, एकीचं केशरी. आमच्या इन्सुलिनला केशरी लागते. मेडिकलवाल्याने मला लालचं पाकीट काढून दिलं. मी म्हटलं, केशरी पाहिजे. तो म्हणाला, "सगळ्या सारख्याच असतात, मॅडम. मांजरालाच द्यायचंय ना?" त्या सिरिंजने भरलं असतं तर अडीच पट औषध गेलं असतं. मी काउंटरवर असा आवाज चढवला की मागे रांगेत उभे असलेले आजोबा आपल्या पिशवीतली सिरिंज काढून टोपण बघायला लागले.

शेठचं दूध बंद, भाकरी बंद. उकडलेलं चिकन, अंडं आणि डॉक्टरांनी सांगितलेलं ओलं खाणं. अण्णा तरी चोरून भाकरीचा तुकडा टाकायचेच. दुसऱ्या दिवशी आकडा वर गेला की मला कळायचं. मी विचारलं की म्हणायचे, "म्या न्हाई." आणि शेठ त्यांच्या धोतराला अंग घासत उभा असायचा.

माझ्या मागे कोण

पहिल्या शिफ्टला मी पहाटे त्याचं करून निघायचे आणि संध्याकाळी वेळेत परत यायचे. दुसऱ्या शिफ्टच्या आठवड्यात संध्याकाळी मी लाइनवर असायचे. तेव्हा कोण?

विलासला सुई बघवत नाही. चार भाऊबंदांचं भांडण मिटवून सातबारा मोकळा करणारा हा माणूस, केसाएवढी सुई दिसली की भिंतीला टेकतो. एकदा त्याला समोर बसवलं तर म्हणाला, "वैशाली, एवढं कशाला करतेस? मोशीच्या मार्केटमागं सोडून येऊ त्याला. खायला मिळतं तिकडं, जगला तर जगला." आमच्याकडे नको झालेलं मांजर असंच पोत्यात घालून सोडून येतात, त्याला कोणी पाप म्हणत नाही. मी म्हटलं, "आधी मला सोडून ये. मीपण काही स्वस्तात पडत नाही तुला." त्यानंतर त्याने तो विषय काढला नाही. मदतही केली नाही.

राहिले अण्णा. मी त्यांना शिकवायला बसले तर सिरिंज माझ्या हातातून घेत म्हणाले, "इतकी वर्सं सोताला टोचतोय. तू मला काय शिकिवती?" पण हात हलका होता त्यांचा, हे कबूल केलं पाहिजे. शेठ माझ्यापुढे नखं काढायचा आणि त्यांच्या मांडीवर डोळे मिटून बसायचा. एक युनिट भरलेली सिरिंज बघून अण्णा दरवेळी म्हणायचे, "एवढंसंच? ह्ये तर दिसत बी न्हाई."

मी दरवेळी सांगायचे, "एकच, अण्णा. तो तुमच्यासारखा साठ किलोचा नाही."

काही महिने असे गेले. पाय सुधारले. बोटांवर चालायला लागला. एक दिवस ओट्यावर चढून माझ्या डब्यातलं अंडं पळवलं आणि मी त्याला रागवायचं सोडून विलासला दाखवायला हाक मारली.

डबल

आता तो दिवस.

माझी पहिली शिफ्ट होती. सकाळचं मी देऊन निघाले होते. शिफ्ट सुटायच्या वेळी कळलं की माझ्या जागी येणारी बाई आलेली नाही. सुपरवायझर म्हणाला, मॅडम, आज डबल करावं लागेल, माल जायचाय. चाकणपासून भोसरीपर्यंत कोणालाही विचारा, डबल म्हणजे लागोपाठ दोन शिफ्ट. लहान पोरांनाही कळतं. बाप डबलला आहे म्हणजे आज घरी येणार नाही. मी हा शब्द रोज ऐकते, रोज बोलते.

लॉकरमधून मोबाइल काढला, मशीन-शॉपच्या दाराशी उभी राहिले आणि घरी फोन केला. मागे पत्रा दाबणाऱ्या प्रेसचा धडाका चालू होता.

"अण्णा, आज डबल आहे. शेठचं संध्याकाळचं तुम्हीच द्या."

"आज डबल व्हय?"

"हो, डबल. आठवणीने द्या. आधी खायला घाला."

"बरं, बरं."

मोबाइल परत लॉकरमध्ये टाकला. लाइनवर फोन न्यायला आमच्याकडे बंदी आहे.

अण्णांनी जन्मात कधी कंपनीचं गेट ओलांडलेलं नाही. त्यांच्या आयुष्यात डबल होतं ते एकाच गोष्टीचं, पेनातल्या औषधाचं. लग्न असलं की डबल. जिलेबी असली की डबल. त्यांनी शेठला एकाच्या जागी दोन दिले. वर त्या दिवशी शेठने अर्धंच खाल्लं होतं, ते त्यांना महत्त्वाचं वाटलं नाही.

चहाच्या सुट्टीत लॉकर उघडला तर अण्णांचे मिस्ड कॉल एकाखाली एक. मी तिथेच उभ्याने फोन लावला.

"वैशाली, शेठ उठंना." त्यांचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता. "मान टाकलीया. तोंडातनं लाळ गळतीया, पाय झाडतोय."

"किती दिलंत?"

"तूच म्हनलीस की डबल."

सगळं एकदम कळलं. लगेच राग आला. पण बोलायला वेळ नव्हता.

"मध आहे का घरात?"

"न्हाई."

"मग साखर घ्या, थोड्या पाण्यात—"

"काकवी हाय," अण्णा म्हणाले.

आमच्या घरात काकवी नसते. मीच बंद केलीय, त्यांच्यासाठी. "कुठे आहे?"

"हाय. खाटंखाली."

"बोटाने हिरड्यांना चोळा. घशात ओतू नका, ठसका लागेल. चोळत राहा आणि रिक्षा करून भोसरीला निघा. मी तिकडेच येते."

फरशीवर पत्र्याचा डबा ओढल्याचा आवाज आला. मग फोन तसाच चालू राहिला आणि अण्णा त्याच्याशी बोलत होते, "चाट रं. चाट माझ्या राजा. बोट चाव, चावलंस तरी चालंल."

गेट पास

सुपरवायझरला म्हटलं, मला निघायला पाहिजे, घरी सीरियस आहे. त्याने विचारलं कोण. मी म्हटलं, मांजर.

तो हसला. मनापासून, वाईट हेतू नसलेलं हसू, आणि त्यामुळेच ते जास्त भयंकर होतं. शेजारची दोघं हसली. "मॅडम, मांजरासाठी लाइन थांबवू का?"

मग मी म्हटलं, "सासऱ्यांची शुगर लो झालीय. बेशुद्ध आहेत."

लगेच गेट पास. कोणीतरी पाण्याची बाटली हातात दिली, दुसऱ्याने विचारलं सोबत येऊ का. तेच लोक, तेच मिनिट. पार्किंगमध्ये जाऊन मी स्कूटरची किल्ली फिरवली.

चाकण चौकात कंटेनर आडवे लागलेले. मी कडेच्या मातीतून, खड्ड्यांतून, मिळेल तिथून स्कूटर काढली. वाटेत कोणाकोणाला काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

दवाखाना

मी पोचले तेव्हा शेठ टेबलावर होता, पुढच्या पायाला सलाईन. डोळे उघडे, पण ते कशाकडेच बघत नव्हते. अण्णा कोपऱ्यात उभे. सदरा, धोतर, दोन्ही हात, सगळीकडे काकवी. एका बोटावर दातांच्या खुणा. डॉक्टर म्हणाल्या, "वाटेत यांनी गोड चोळत आणलं म्हणून इथपर्यंत आला. पण पुढचं आत्ता सांगता येणार नाही."

मी अण्णांकडे वळले आणि बोलले. पाच-सहा लोक कुत्री घेऊन बसले होते, त्यांच्यासमोर बोलले. तुमचा जीव तुम्हाला नको झालाय तर त्याला का मारता, असं म्हणाले. तुम्ही खाटेखाली डबे लपवा, जिलेब्या खा, पाय कापायची वेळ येऊ द्या, पण या मुक्याने तुमचं काय घोडं मारलं होतं, असंही म्हणाले. वीस वर्षांत मी त्यांच्यापुढे आवाज चढवला नव्हता. बोलताना मला बरं वाटत होतं, हेही लिहिते.

अण्णांची बोटं एकमेकांना चिकटत होती, ती ते सोडवत राहिले.

शेठला तिथेच ठेवावं लागलं. तिथली रीत अशी की दर तासाला कान टोचायचा, आकडा बघायचा, सलाईन कमी-जास्त करायचं. शेजारच्या पिंजऱ्यात एक भुंकणारं कुत्रं आणि माणसांना बसायला एकच मोडकं बाकडं. सकाळी मी पुन्हा गेले तर झाडलोट करणाऱ्या मावशी म्हणाल्या, "तुमच्या बोक्यानं मला फिसकारलं." मी त्या मावशींना मिठी मारली. त्या घाबरल्याच.

डॉक्टरांनी नंतर एक गोष्ट सांगितली. त्याची इन्सुलिनची गरज आधीच कमी होत चालली असावी, म्हणून दोन युनिट इतके महागात पडले. डोस अर्ध्यावर आणला.

अबोला

घरी आल्यावर मी फ्रिजला कुलूप लावता येईल का तेही बघितलं. शेवटी इन्सुलिन एका डब्यात घातलं आणि डबा कापडात बांधून फ्रिजमध्येच पार मागे ठेवला. गरज नव्हती. अण्णा त्या दिवसानंतर फ्रिजच्या बाजूलाही फिरकले नाहीत.

मी त्यांच्याशी बोलणं टाकलं. ताट वाढायचे, चहा ठेवायचे, कपडे धुवायचे, तोंडातून शब्द नाही. विलास म्हणाला, म्हातारं माणूस आहे, सोड आता. मी म्हटलं, सोडायची सवय तुला आहे. तो अबोला मी हप्त्यासारखा पाळला, एक दिवस चुकवला नाही. शेठ मात्र त्यांच्याच मांडीवर जाऊन बसायचा आणि त्याचाही मला राग यायचा.

कंपनीत सांगितलं, डबल करणार नाही, कारण विचारू नका. दुसऱ्या शिफ्टचे आठवडे एका मैत्रिणीबरोबर बदलून घेतले. एकटीने सगळं निभावलं.

आणि मग आकडे खाली यायला लागले. अर्ध्या युनिटवरही कमी. डॉक्टरांनी दिवसातून एकदाच द्यायला सांगितलं, मग बंद करून पाहिलं. रोज कान टोचत होते, रोज वाटायचं आज वाढेल. वाढली नाही. डॉक्टर म्हणाल्या, मांजरांमध्ये कधी कधी होतं हे, लवकर आणि नेमाने इलाज झाला तर शुगर सुटते. "परत येऊ शकते. बघत राहायचं."

त्या दिवशी मी पेढे आणायला हवे होते. पण घरी सांगितल्यावर विलास म्हणाला, "बघ, आपोआप बरा झाला की नाही. उगाच जिवाला त्रास करून घेतलास." नणंदेचा फोन आला. तिने कुठलातरी अंगारा शेठच्या नावाने लावला होता म्हणे, त्याचा गुण. कँटीनमध्ये म्हणाले, म्हणजे तेव्हा शुगर नव्हतीच, डॉक्टरने पैसे काढले. आपोआप. हा शब्द मी त्या आठवड्यात इतक्या वेळा ऐकला की कोणी दार आपोआप लागलं म्हटलं तरी माझं डोकं फिरायचं.

अण्णा एकटेच काही म्हणाले नाहीत. फक्त विलासला विचारताना मी ऐकलं, "पार सुटली व्हय त्याची? सुई बी बंद?"

अण्णा

त्यानंतर काही आठवड्यांनी, एका रविवारी सकाळी, मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते. अण्णा खुर्चीवर बसले होते, मांडीवर शेठ. त्यांनी तांब्या तोंडाला लावला तो रिकामा करूनच खाली ठेवला. मग उठले, खाली जाऊन भरून आणला, पुन्हा रिकामा. सदरा त्यांच्या खांद्यांवरून लोंबत होता. मी हातातला टॉवेल तसाच टाकला.

हे मी पाहिलेलं होतं. दुसऱ्या कोणाच्या आधी मला ते ओळखू यायला लागलं होतं.

खाली जाऊन फ्रिज उघडला. अण्णांचं औषध जसंच्या तसं, नवीन काडतुसांचं खोकं न फोडलेलं. मशीन घेतलं आणि वर आले. कित्येक दिवसांनी त्यांच्याशी बोलले.

"पेन कधीपासून बंद आहे?"

अण्णा शेठच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. "झालं की बरेच दीस."

"का?"

"त्याची सुटली न्हवं? म्या म्हनलं, बघू, आपली बी सुटतीया का."

मी त्यांचं बोट ओढून टोचलं. जरा जोरातच टोचलं. मशीनला आकडा दाखवता येईना इतकी शुगर वाढली की त्यावर इंग्रजीत दोनच अक्षरं येतात. हाय.

"काय म्हनतंय?"

"हाय."

"म्हंजी हायच म्हना की अजून," अण्णा म्हणाले. त्यांना इंग्रजी येत नाही आणि त्यांना बरोबर कळलं होतं.

मी कठड्यावरून विलासला ओरडून सांगितलं, गाडी काढ, दवाखान्यात न्यायचंय, आत्ता. मग वळले. मला खूप बोलायचं होतं. जीभ शिवशिवत होती.

"माझी न्हाई का सुटायची, वैशाली?"

"नाही, अण्णा. तुमची नाही सुटायची. मांजराची सुटते कधी कधी. तुम्हाला रोज टोचायला लागेल."

त्यांनी मान हलवली. शेठला दोन्ही हातांनी उचलून खाली ठेवलं. 

"टोचायला गेलो व्हतो," ते म्हणाले. "चार-पाच येळा गेलो. सुई धरली की त्यो दिसतो. मान टाकलेला. हातच चालंना. म्हनून सोडून दिलं."

मी त्यांचं टोचलेलं बोट कापसाने दाबून धरलं होतं. रक्त केव्हाच थांबलं होतं.

"मग मला सांगायचं होतंत, अण्णा. मी दिलं असतं. तेव्हाच बोलायचं होतं माझ्याशी."

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. त्यांच्या तोंडावर राग नव्हता. त्यांनी खरंच माहीत नसल्यासारखं विचारलं.

"तू बोलत व्हतीस व्हय माझ्यासंगं?"